रोमचा गिलावा गेला, बरं झालं

ओळंबा | शनिवार, रात्री ९:४०

राम राम मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे. धागा काढायची ही पहिलीच वेळ, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी वाईचा. एकतीस वर्षं बांधकामात काढली. आधी मिस्त्रींच्या हाताखाली, मग सुपरवायझर, मग स्वतःची छोटी कामं. लेक इटलीत शिकायला आहे, त्या निमित्ताने नोव्हेंबरात सहा दिवस रोम पाहून आलो. सूर्यास्त, कॉफी आणि जिलातोबद्दल इथे भरपूर लिहिलं गेलंय आणि ते मला जमणारही नाही. मी भिंती बघत फिरलो, तेव्हा भिंतींबद्दलच लिहितो.

पहिला धक्का रंगाचा. चित्रांत आणि सिनेमात रोम पांढरंशुभ्र असतं. प्रत्यक्षात जुनं रोम विटकरी आहे. विटा, विटा आणि विटा. सौ. फोरममध्ये, म्हणजे जुन्या रोमच्या मुख्य चौकात, शिरल्या शिरल्या म्हणाली, "अहो, हे तर गिलावा राहिलेल्या घरासारखं दिसतंय." लेक हसली. पण बोलणं शंभर टक्के खरं होतं. या भिंतींवर एकेकाळी संगमरवराच्या लाद्या होत्या, चुन्याचा गिलावा होता, रंग होता. ते सगळं गेलं आणि आतली भिंत उघडी पडली.

बाकीचे प्रवासी हळहळत होते. मला तर दिवाळी. बांधकामातल्या माणसाला विचारा, गिलावा झाल्यावर सगळ्या भिंती सारख्याच. आत काय भरलंय ते बांधणाऱ्याला आणि देवाला ठाऊक. इथे दोन हजार वर्षांपूर्वीचं काम गिलाव्याशिवाय तपासायला मिळत होतं.

एका पडक्या भिंतीची कड दिसली तिथे अर्धा तास उभा होतो. बाहेरून विटेची वाटणारी ही भिंत विटेची नाहीच. दोन्ही बाजूंना एकेक विटेचं पातळ तोंड आणि मधे सगळा काँक्रीटचा गाभा. आणि त्या तोंडाच्या विटा त्रिकोणी! साधारण वीतभर चौकोनी वीट कर्णावर कापायची, लांब बाजू बाहेर ठेवायची आणि टोक आत गाभ्यात घुसवायचं. म्हणजे माल आत पडला की विटांच्या दातांत अडकून बसतो. बाहेरून बघणाऱ्याला सरळ रद्दे (विटांचे थर), आत करवतीसारखी पकड. शटरिंग (माल धरेपर्यंतचा साचा) काढायची भानगड नाही, कारण शटरिंग हीच भिंत. मधूनमधून दोन रोमन फुटांच्या, म्हणजे जवळपास ५९ सेंटिमीटरच्या मोठ्या विटांचा एक थर भिंतीच्या आरपार जातो. तो कशासाठी यावर पंडितांची मतं वेगवेगळी असतील. मला विचाराल तर पातळी पुन्हा एकसारखी करून घ्यायला. चार दिवसांत मिस्त्रीचा हात कितीही सरळ असला तरी थोडा वाहवतोच.

काँक्रीट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे मिक्सर आणि ओतलेला माल येतो. हे तसं नाही. दाट चुन्याचा माल पसरायचा, त्यात मुठीएवढे दगड आणि फुटक्या विटा हाताने रचायच्या, पुन्हा माल. आपलं डबराचं काम आठवा. त्या मालात चुना आणि ज्वालामुखीची राख. नेपल्सजवळच्या पोझ्झुओलीवरून तिला पोझ्झोलाना म्हणतात, तशीच राख रोमच्या आसपासही मिळते. आपण चुन्यात सुरखी, म्हणजे विटांची पूड, का घालायचो? त्याच कारणासाठी. पाण्यातही माल धरतो.

मग कलोझियम, म्हणजे झुंजींचे खेळ व्हायचे ते रंगमंडल. ते पाहून सगळ्यांचं पहिलं वाक्य असतं "केवढं मोठं!" मोठं आहेच. १८९ मीटर लांब, १५६ रुंद, बाहेरची भिंत ४८ मीटरच्या आसपास. साधारण इ.स. ७२ मध्ये सम्राट वेस्पासियनने सुरू केलं आणि ८० मध्ये त्याचा मुलगा टायटसने उद्घाटन उरकलं. ज्या जागी बांधलं तिथे नीरोच्या महालातला तलाव होता. तळ्यात पाया घेणं म्हणजे काय ते ज्याने काळ्या मातीत पाया घेतलाय त्याला विचारा. पण मी बघत बसलो ती भोकं. ट्रॅव्हर्टाइन नावाच्या चुनखडीच्या दगडांवर सांध्यासांध्याला भोकं पडलीत, देवीचे व्रण असावेत तशी. आधी वाटलं परांचीची असतील (परांची म्हणजे बांधताना मिस्त्रीला उभं राहायचा माळा). लेकीने वाचून सांगितलं की दगड एकमेकांना धरून ठेवायला लोखंडी आकडे घातले होते आणि मध्ययुगात लोखंडासाठी लोकांनी दगड कोरून ते काढून नेले. आमच्या साइटवरून सळईचे तुकडे जायचे, त्याचं फार वाईट वाटून घेणार नाही आता.

आणि एक जागा अशी, की तिथे माझ्या घशात आवंढा आला. पूर्वेच्या बाजूला, जिथे बाहेरची उंच भिंत तुटते, तिथे एक मोठा विटांचा टेकू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भूकंपानंतर भिंत कोसळायला आली होती. स्टर्न नावाच्या स्थपतीने १८०६-०७ च्या सुमारास टेकू दिला आणि शेजारच्या कमानी विटांनी बुजवल्या. गंमत अशी की कमानीचे दगड सटकून खाली आले होते, ते त्याने वर ढकलले नाहीत. सटकलेले तसेच ठेवून भोवती विटा भरल्या. आजही तिथे कळीचा दगड अर्धवट खाली आलेला दिसतो. पडता पडता थांबवलेली भिंत. अशी वेळ माझ्यावर एकदा आली होती, एका वाड्याच्या कामात. मी भिंत पाडली होती.

पँथिऑनवर, म्हणजे तिथल्या घुमटाच्या जुन्या देवळावर, वेगळं लिहितो, नाहीतर हाताला रग लागेल.

---

बोलोन्याची_बायको | शनिवार, रात्री १०:२५

वा! पहिला धागा वाटत नाही. फोटो मात्र दिसत नाहीयेत.

कोणी जाणार असेल त्यांच्यासाठी: कलोझियमचं तिकीट वेळेचं आणि नावाचं असतं, पासपोर्ट जवळ ठेवा. पँथिऑन पूर्वी फुकट होतं, जुलै २०२३ मध्ये ५ युरोचं तिकीट सुरू झालं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी वास्तू फुकट असतात, आणि म्हणूनच त्या दिवशी जाऊ नका.

---

पुणेरी_पगडी_नाही | शनिवार, रात्री १०:३१

पुढील भागाच्या प्रतीक्षेत. फोटो दिसत नाहीत.

---

सह्यकडा | शनिवार, रात्री ११:०२

लेख छान, पण खरं सांगू का, आपल्या वेरुळच्या कैलासापुढे हे सगळं काय? एका दगडात अख्खं देऊळ. ना वीट ना चुना. आपण आपलं सोडून परक्यांच्या पडक्या भिंतींचं कौतुक करत बसतो.

---

ओळंबा | रविवार, सकाळी ७:१५

सह्यकडा, कैलास मी पाच वेळा पाहिलाय आणि पाचही वेळा गप्प होऊन परत आलोय. पण तो पाथरवटांचा पराक्रम आहे. तिथे वरून खाली कोरत येतात, चुकलं तर भरून काढता येत नाही. हे गवंड्यांचं काम. खालून वर जायचं आणि प्रत्येक सांधा हा संभाव्य घोटाळा. दोन धंदे वेगळे. माझा धंदा सांध्यांचा म्हणून मला इथे जास्त करमलं, एवढंच.

फोटो लेक चढवणार आहे. मला ते जमत नाही.

आता पँथिऑन.

गल्लीबोळांतून चालत असता अचानक समोर येतं. पुढे १६ खांबांचा मंडप. एकेक खांब सलग दगडाचा, इजिप्तहून आणलेला ग्रॅनाइट, जवळपास १२ मीटर उंच आणि वजन ६० टनांच्या आसपास. नाईलमधून, मग समुद्रातून, मग टायबर नदीतून. आमच्याकडे दोन टनांची तुळई खंबाटकी घाटातून आणताना काय होतं ते मी पाहिलंय.

मंडप आणि मागचा गोल घुमट यांच्या मधे एक चौकोनी ठोकळा आहे. बाजूच्या गल्लीत जाऊन वर बघा. मंडपाच्या छपराच्या बऱ्याच वर, त्या ठोकळ्यावर दुसऱ्या त्रिकोणी छपराची रेघ काढलेली दिसते. म्हणजे मंडप आहे त्याहून उंच व्हायचा होता. काही अभ्यासकांचा अंदाज असा की खांब ५० रोमन फुटांचे ठरले होते, पण आले ४० फुटांचे. मग मंडप खाली आणला आणि ठोकळ्यावरची रेघ तशीच राहिली. हे वाचून मी इतका खूश झालो की सांगता सोय नाही. सम्राटाचं काम असलं तरी मटेरियल वेळेत येत नाही!

आत गेल्यावर मान वर जाते ती जातेच. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून वरच्या भोकापर्यंतची उंचीही तेवढीच. म्हणजे आत एक अख्खा चेंडू मावेल. सळई नाही. एकही नाही. बिनसळईच्या काँक्रीटचा याहून मोठा घुमट जगात आजही नाही. कसा उभा आहे? वजनाचा हिशोब. खाली भिंतीच्या गाभ्यात ट्रॅव्हर्टाइनसारखा जड दगड, वर जाता जाता हलका टफ (ज्वालामुखीच्या राखेचा दगड) आणि विटांचे तुकडे, अगदी माथ्याला प्युमिस, म्हणजे पाण्यावर तरंगणारा ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड. जाडी खाली सहा मीटरच्या घरात, वर सव्वा मीटर. आतून चौकोनी खणांच्या पाच ओळी, प्रत्येक ओळीत २८, त्यामुळे आणखी वजन कमी. आणि मधोमध, जिथे आपण कळस बसवू, तिथे त्यांनी काहीच बसवलं नाही. आठ-नऊ मीटरचं उघडं भोक. पाऊस आत पडतो, फरशीला किंचित उतार आहे आणि भोकं आहेत, पाणी निघून जातं. आम्ही होतो तेव्हा भुरभुर होती. दोरी लावून मधला गोल मोकळा ठेवला होता. तिथला रखवालदार कंटाळून पाऊस बघत होता.

सेंटरिंग, म्हणजे माल धरेपर्यंतचा खालचा आधार, कसं केलं असेल हे मात्र डोक्यातून जात नाही. ४३ मीटरच्या अर्धगोलाखाली लाकडाचं जंगल उभं केलं असणार. ते सोडवताना खाली कोण उभं राहिलं असेल?

---

शिळोप्या | रविवार, सकाळी ९:५०

ओळंबा, मनापासून आवडलं. थोडी भर आणि एक-दोन खडे.

पँथिऑनच्या दर्शनी पट्टीवर ठळक लिहिलंय की ल्यूशियसचा मुलगा मार्कस अग्रिप्पा, तिसऱ्यांदा कॉन्सल (रोमचा सर्वोच्च अधिकारी) असताना, त्याने हे बांधलं. ते खोटं नाही, पण या इमारतीबद्दल खरंही नाही. अग्रिप्पाचं देऊळ जळालं, दुरुस्त झालं, पुन्हा जळालं. आजची इमारत दुसऱ्या शतकातली. सम्राट हेड्रियनने पूर्ण केली आणि पाटी जुन्याच माणसाची ठेवली. हे कळलं कशावरून? तुमच्या लाडक्या विटांवरून. त्या काळी विटांवर भट्टीचे शिक्के मारत, काही शिक्क्यांत कॉन्सलची नावंही असत, त्यावरून साल निघतं. शिक्क्यांचा अभ्यास वाढला तसं काम त्याच्या आधीच्या ट्रॅजनच्या काळातच सुरू झालं असावं असं मत पुढे आलं. म्हणजे दर्शनी भागावरचा दगड एक सांगतो आणि आतली वीट दुसरं.

आणि ही वास्तू उभी राहिली त्याचं अर्धं श्रेय चुन्याला, तर अर्धं पाद्र्यांना. सम्राट फोकासने ती पोपला दिली आणि ६०९ मध्ये तिचं चर्च झालं. वापरात राहिली म्हणून राहिली. तरी लूट चुकली नाही. घुमटावरचे सोनेरी पत्रे ६६३ मध्ये सम्राट कॉन्स्टान्स दुसरा घेऊन गेला, आणि मंडपाच्या छताचं कांस्य सतराव्या शतकात पोप अर्बन आठवा याने काढून मुख्यतः तोफा ओतल्या. तो बारबेरिनी घराण्यातला. रोमकरांनी लगेच म्हण पाडली: बार्बरांनी जे केलं नाही ते बारबेरिनींनी केलं.

---

वाकडतोंड्या | रविवार, सकाळी ११:२०

कौतुकात एक गोष्ट राहून चाललीय. हे बांधलं कोणी? गुलामांनी. खाणीत, भट्टीवर, डोक्यावर घमेली घेऊन. कलोझियम कशाच्या पैशावर उभं राहिलं? आणि आत माणसं मारायचा खेळ. मला तिथे उभं राहून अंगावर काटा आला, पण कौतुकाने नव्हे. त्रिकोणी विटा मोजताना हेही मोजा.

---

शिळोप्या | रविवार, दुपारी १२:०५

वाकडतोंड्या, पैशाबद्दल पुरावाच आहे, आणि तो पुन्हा भोकांचाच आहे. कलोझियममध्ये एक मोठा दगड सापडला, त्यावर पाचव्या शतकातला लेख कोरलेला. पण त्या अक्षरांच्या खाली आणखी जुनी भोकं होती, पूर्वी कांस्याची अक्षरं ठोकून बसवली होती त्यांच्या खिळ्यांची. अल्फ्योल्डी नावाच्या संशोधकाने १९९५ मध्ये नुसत्या भोकांच्या मांडणीवरून मूळ वाक्य जुळवलं: वेस्पासियनने हे रंगमंडल युद्धातल्या लुटीतून बांधवलं. युद्ध म्हणजे यहुद्यांविरुद्धचं. इ.स. ७० मध्ये जेरुसलेमचं मंदिर लुटलं, तीच लूट. पाच मिनिटांच्या अंतरावर टायटसच्या कमानीत त्या मंदिरातला सात फांद्यांचा दीपस्तंभ खांद्यावरून नेणारे सैनिक कोरलेले आहेत. म्हणजे लपवलेलं काहीच नाही, उलट मिरवलंय.

---

ओळंबा | रविवार, दुपारी २:३०

वाकडतोंड्या, बरोबर आहे. माझ्या बापाने दुसऱ्याच्या इमारतीवर घमेलं वाहिलंय. भिंतीकडे बघताना मला हातच दिसतात, सम्राट दिसत नाही. एका विटेवर कुत्र्याच्या पंजाचा ठसा होता. ओली वीट वाळायला टाकलेली, कुत्रं गेलं वरून. असले ठसे माझ्याकडच्या विटांवरही आहेत. त्या भट्टीवर कोण राबत होतं त्याचं नाव नाही, मालकाचा शिक्का मात्र आहे.

शिळोप्या, "वापरात राहिली म्हणून राहिली" हे सगळीकडे दिसलं. मार्सेलसचं नाट्यगृह, कलोझियमचं थोरलं भावंड म्हणा. त्याच्या कमानींच्या डोक्यावर चक्क घरं आहेत, खिडक्यांना पडदे, गॅलरीत कुंड्या. आणि फोरममध्ये सम्राट अँटोनायनस आणि त्याची राणी फाउस्टिना यांच्या देवळात चर्च बसवलंय, त्याचं दार हवेत लटकतंय! जमिनीपासून कितीतरी उंच. कारण चर्चला ते दार बसवलं तेव्हा जमीन तिथपर्यंत आली होती. फोरम गाळा-मातीने एवढा भरला होता की लोक त्याला गाईंचं कुरण म्हणत. पुढे उकरून काढल्यावर दार वर राहिलं.

ज्याचा वापर झाला नाही ते कुठे गेलं हे कळल्यावर मात्र मी त्या रात्री जेवलो नाही नीट. मला वाटलं होतं संगमरवर चोरीला गेला, म्हणजे कुठेतरी दुसऱ्या महालांत असेल. थोडा आहेही. पण पुष्कळसा भाजला. भट्ट्या होत्या शहरात, एका भागाचं नावच चुनाभट्ट्यांवरून पडलं होतं. लाद्या, खांबांचे तुकडे, पुतळे फोडून भट्टीत टाकायचे आणि चुना करायचा. कारण शुद्ध संगमरवराचा चुना उत्तम होतो. धंद्याच्या हिशोबाने मी त्या चुनेवाल्याला दोष देऊ शकत नाही, आणि तरी...

---

कृष्णाकाठ_सांगली | रविवार, संध्याकाळी ५:४५

तुम्ही पुलाबद्दल काही लिहिलं नाहीत? २०१९ च्या पुरात आमच्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं, तेव्हापासून कुठेही गेलं की मी आधी नदी आणि पूल बघते. टायबरलाही पूर यायचे ना?

---

ओळंबा | रविवार, रात्री ८:५०

ताई, खास तुमच्यासाठी.

टायबरच्या मधे एक छोटं बेट आहे. शहराच्या बाजूने त्या बेटावर जायला फाब्रिशियसचा पूल आहे, इसवीसनापूर्वी ६२ सालचा. दुरुस्त्या झाल्यात, पण सांगाडा तोच. वाहनं बंद आहेत, माणसं आजही त्याच पुलावरून जातात. आम्ही तिथून भाजलेल्या चेस्टनटची पुडी खात गेलो. दोन मोठ्या कमानी, प्रत्येकी साधारण २४ मीटरच्या. आणि मधल्या खांबाच्या पोटात एक छोटी कमान ठेवलीय. उन्हाळ्यात बघणाऱ्याला वाटेल नक्षी असेल. नाही, पूर चढला की पाणी त्या भोकातून जातं आणि खांबावरचा रेटा कमी होतो.

आता खरी मजा. कमानीवर लेख आहे: रस्त्यांचा अधिकारी ल्यूशियस फाब्रिशियस याने हे काम करवून घेतलं "आणि त्यानेच ते पसंत केलं". कामही त्याचंच आणि कम्प्लीशन सर्टिफिकेटही त्याचंच! सौ.ला अर्थ सांगितला तर म्हणाली, तुमच्यापेक्षा हुशार होता. पण पुढे इसवीसनापूर्वी २३ साली मोठा पूर आला, आणि २१ साली दोन कॉन्सलनी पुलाची पुन्हा तपासणी करून तसा दुसरा लेख कोरला. पूर गेला की पूल तपासायचा आणि तपासला असं पुलावरच लिहायचं. यावर मी जास्त बोलत नाही. बिलं अजून अडकलीत माझी.

---

तगर | रविवार, रात्री १०:४०

मी तेरचा, धाराशिव जिल्हा. इथे बोलायचं धाडस करतो कारण दोन गोष्टी आमच्या गावाच्या आल्या.

एक, माथ्याला हलका दगड. आमच्याकडे तेरला देवळाच्या शिखरासाठी मुद्दाम हलक्या विटा वापरल्या होत्या, पाण्यावर तरंगतात. लामतुरे संग्रहालयात आहेत. लहानपणी शाळेची सहल आली की गुरुजी बादली मागवायचे. गावातलं त्रिविक्रमाचं देऊळ तर अख्खं विटांचं आहे, मागून गोलाकार, चैत्यासारखं.

दुसरी, तेर म्हणजे जुनं तगर. ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात पैठणबरोबर याचं नाव येतं. इथला माल भडोचला जायचा, तिथून जहाजाने लाल समुद्र आणि पुढे रोमन जगात. पाँपेईला १९३८ मध्ये एक हस्तिदंती बाई सापडली, आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीने गाव गाडलं, म्हणजे ती त्याआधीच तिथे पोचली होती. तिच्या घडणीची बहीण शोभावी अशी हस्तिदंती मूर्ती तेरला मिळालीय, भोकरदनलाही तशीच मिळाली. ओळंबा साहेब, नेपल्सला गेला होतात का?

---

बोलोन्याची_बायको | रविवार, रात्री ११:१०

तगर, मी पाहिलीय ती! छोटीशी आहे, वीतभरापेक्षा थोडी मोठी. अंगावर दागिन्यांशिवाय काही नाही, आणि दागिने असे की आपल्या आजीच्या डब्यातले वाटतात. तिथे तिला लक्ष्मी म्हणतात, पण अभ्यासकांना ती यक्षी वाटते.

आणि रोममध्येच मॅक्सेंशियसच्या प्रचंड बॅसिलिकेच्या (सार्वजनिक सभागृहाच्या) खाली सम्राट डोमिशियनच्या काळातली मिऱ्यांची कोठारं होती. मिरी आपल्या मलबारातली. रोमन लेखक प्लिनी तक्रार करायचा की हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो. थोडक्यात, ओळंबा दादांनी ज्या संगमरवराचा शोक केला, तो बघत मिरी खाणारे आपले ग्राहक होते.

---

पुणेरी_पगडी_नाही | सोमवार, सकाळी ८:०२

वाचनखूण साठवली. सान क्लेमेंतेच्या चर्चला गेलात का? बाराव्या शतकाचं चर्च, त्याखाली चौथ्या शतकाचं, त्याखाली पहिल्या शतकाची इमारत आणि मिथ्रा या देवाचं देऊळ. सगळ्यात खाली वाहत्या पाण्याचा आवाज येतो. मधल्या मजल्यावरच्या चित्रात एक मालक नोकरांना खांब ओढायला लावताना जी शिवी घालतो, ती लिहून ठेवलीय. बोली इटालियनच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक. आपल्या जुन्या शिलालेखांतल्या गधेगाळींची, म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेल्या शिव्यांची, आठवण झाली. बोलीभाषा दगडावर चढते ती शिवी घालतच.

(फोटो अजून दिसत नाहीत.)

---

ओळंबा | सोमवार, रात्री ९:१५

तगर, नेपल्सला जाणं झालं नाही. तेरला मात्र नक्की येतो, बादली तयार ठेवा.

पगडी, सान क्लेमेंतेला गेलो होतो. तीन मजले खाली उतरलो आणि तुमच्यासारखाच पाण्याचा आवाज ऐकत बसलो. आमच्या साइटवर पायाच्या खड्ड्यात पाणी लागलं की रात्रभर पंप. तिथे उतरल्यावर मला पहिला विचार तोच आला.

एक जण व्यक्तिगत निरोपात विचारत होते की तो चुना एवढा टिकतो कसा. मी काही केमिस्ट नाही. पण लेकीने एक संशोधन दाखवलं, जानेवारी २०२३ चं, अमेरिकेतल्या एमआयटीचं. रोमन मालात चुन्याचे पांढरे गोळे दिसतात, तांदळाच्या कणीपासून वाटाण्याएवढे. आजवर सगळे म्हणायचे, कालवणाऱ्याने हलगर्जी केली, माल नीट मळला नाही. या लोकांचं म्हणणं असं की कळीचा (भट्टीतून काढलेला कोरडा) चुना न विझवता तसाच, गरमागरम मिसळला असावा, आणि गोळे त्याचेच. भेग पडली आणि पाणी आत शिरलं की त्या गोळ्यातला चुना विरघळतो आणि भेगेत पुन्हा धरतो. त्यांनी तसा माल करून, फोडून, त्यातून पाणी सोडून पाहिलं, दोन आठवड्यांत भेग बुजली. पँथिऑनच्या घुमटाला भेगा आहेतच, उभ्या उभ्या, कलिंगडाच्या फोडींसारख्या. त्या काही सगळ्या बुजलेल्या नाहीत, पण उभा आहे.

आता माझी गोष्ट. वर म्हटलं ना, एका वाड्याची भिंत मी पाडली होती. १९९८ ची गोष्ट, वाईतच. पाडताना दर्जांमध्ये (दगड-विटांच्या सांध्यांत) पांढरे गोळे दिसत होते, आणि आमचे मिस्त्री म्हणाले होते की बघा, पूर्वीच्या गवंड्यांनीही कामचुकारपणा केलाय, चुना घाणीत पुरता दळला नाही. मी मान डोलावली होती. त्याच वाड्याची मागची भिंत अजून उभी आहे. निदान महिन्याभरापूर्वी होती. रविवारी जाऊन बघतो. आपला चुना विझवून घाणीत दळायचा, त्यांचा वेगळा, तेव्हा हे गोळे तेच असतील असं नाही. पण बघायला काय जातंय.

---

शिळोप्या | सोमवार, रात्री ९:४०

जाऊन याच. सांगा इथे.

---

वाकडतोंड्या | मंगळवार, सकाळी १०:१२

वाट बघतोय. (मलाही भिंती आवडतात, एवढाही मी वाईट नाही.)

---

ओळंबा | रविवार, संध्याकाळी ६:२०

जाऊन आलो. भिंत नाही. गेल्या आठवड्यातच पाडली, तिथे आता बेसमेंटचा खड्डा आहे. मुकादम ओळखीचा निघाला. म्हणाला, डबर ट्रॉलीने नदीकडच्या रस्त्याला भर म्हणून टाकलं. तिथे गेलो. उन्हात तासभर ढिगावर बसून उकरलं. येणारेजाणारे विचारत होते, काका काही हरवलंय का.

एक ढेकूळ मिळालं, नारळाएवढं. अर्धी वीट, बाकी चुना. त्यात दोन पांढरे गोळे आहेत, एक हरभऱ्याएवढा. घरी आणून पाटीवर ठेवलंय. सौ. म्हणते पाणी कशाला मारताय त्याच्यावर, फुटलेलं आहे ते. सकाळ-संध्याकाळ मारतोय. दोन आठवडे मारणार.

---

पुणेरी_पगडी_नाही | रविवार, संध्याकाळी ६:३३

फोटो टाका.